ऑस्करच्या डोक्यावर खड्डे आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा : आधी औषध की आधी पाणी?

जुळे_सोलापूर :
नमस्कार. माझ्याकडे सुमारे अकरा इंच लांबीचा टायगर ऑस्कर मासा आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून तिच्यात प्रत्यक्षात साधारण 230 लिटर पाणी राहते. टॉप फिल्टर आणि एअर पंप दिवसरात्र चालू असतात. काही आठवड्यांपासून माशाच्या दोन्ही डोळ्यांच्या वर बारीक खड्डे दिसू लागले. आता त्यांतील दोन ज्वारीच्या दाण्याएवढे झाले असून त्यांच्या तोंडाशी पांढरट चिकट पदार्थ साचतो. विष्ठा पांढरी असून बराच वेळ लोंबत राहते. पेलेट टाकले की झडप घालतो, पण तोंडात घोळवून थुंकून देतो. कोंबडीची कलेजी मात्र खातो. दुपारी टाकीतल्या पाण्याचे तापमान 32 अंशांपर्यंत जाते. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे टाकीचे पाणी बदलताना बहुतेक वेळा बोअरचे पाणी वापरावे लागते. दुकानदाराने निळे औषध आणि खडे मीठ सुचवले आहे. ते सुरू करावे का?

विजापूर_रोड :
निळे औषध टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते म्हणजे मिथिलीन ब्लू. अंड्यांवरील बुरशीसाठी त्याचा उपयोग होतो, परंतु आतड्यातल्या परजीवीपर्यंत ते पोहोचत नाही आणि फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना मात्र मारते. ते जिवाणू माशाच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. ते गेले की अमोनिया चढतो, आणि आधीच खंगलेल्या माशावर दुसरे संकट येते.

प्रथम एक गोष्ट तपासा. ऑस्करच्या डोक्यावर संवेदनेची छिद्रे जन्मतःच असतात. ती दोन्ही बाजूंना सारखी, बारीक आणि स्वच्छ कडांची दिसतात, आणि अनेक जण त्यांनाच रोग समजून औषधे ओततात. तुमच्या वर्णनावरून मात्र छिद्रांच्या कडा झिजून ती रुंदावत आहेत आणि त्यांतून स्राव येत आहे, त्यामुळे ही डोक्याला खड्डे पडण्याची व्याधी असण्याचीच शक्यता अधिक वाटते. तिचे एकच कारण सांगता येत नाही. साचलेले नायट्रेट, निकृष्ट आहार आणि आतड्यातले परजीवी ही तिन्ही कारणे बहुधा हातात हात घालून येतात.

म्हणून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते) यांची द्रव रसायनाच्या किटने तपासणी करा, आणि टाकीबरोबर बोअरच्या पाण्याचीही करा. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. ऑस्करच्या टाकीत मात्र ते 20 च्या आसपास आणि फार तर 40 च्या आत ठेवावे असे आम्ही मानतो. म्हणजे माणसाला पिण्यायोग्य ठरलेल्या पाण्याने टाकी अर्धी बदलली तरी नायट्रेट उतरेलच असे नाही. आपल्या भागात अनेक जण पाणी नियमाने बदलूनही मासा का सुधारत नाही म्हणून हैराण होतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

कलेजी आजच बंद करा. सस्तन प्राणी आणि कोंबडी यांची चरबी या माशाला नीट पचत नाही. जिवंत गप्पीही देऊ नयेत, कारण त्यांच्यासोबत परजीवी येतात.

जीवशास्त्र_प्रयोगशाळा :
वरील मताशी मी सहमत आहे, पण पांढऱ्या विष्ठेबद्दल थोडी सावधगिरी हवी. मासा उपाशी राहिला तरी आतड्यातील श्लेष्मा पांढऱ्या धाग्यासारखा बाहेर पडतो, त्यामुळे केवळ रंगावरून निदान करता येत नाही. शक्य असल्यास जवळच्या महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शकाची मदत घ्या. नुकतीच पडलेली विष्ठा ड्रॉपरने उचलून, टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरावी, वर आच्छादन काच ठेवावी आणि 400 पट वर्धनाखाली लगेच पाहावी. स्पायरोन्युक्लियस हा आतड्यातला परजीवी असल्यास पेअरच्या आकाराचे अतिसूक्ष्म जीव सरळ रेषेत सपासप धावताना दिसतात. विष्ठा तळाशी बराच वेळ पडून राहिली असेल, तर तिच्यावर वाढलेले निरुपद्रवी जीव दिसतात आणि चुकीचा निष्कर्ष निघतो.

परजीवी दिसले, तर मेट्रोनिडाझोल हे औषध आहे. मासा तोंडात अन्न घेत असेपर्यंत ते खाद्यातून देणे सर्वांत चांगले, कारण रोग आतड्यात आहे. प्रमाण एक ग्रॅम खाद्याला 10 मिलिग्रॅम, सलग 5 दिवस. माशाच्या वजनाच्या हिशेबाने रोज किलोमागे 50 मिलिग्रॅम पडावे. तुमचा मासा अर्धा किलोच्या आसपास असेल, असे धरल्यास त्याला रोज सुमारे 25 मिलिग्रॅम, म्हणजे औषध मिसळलेले अडीच ग्रॅम खाद्य पुरेल. 400 मिलिग्रॅमची एक गोळी बारीक कुटून 40 ग्रॅम खाद्यात मिसळा. सोललेली कोळंबी आणि भिजवलेले पेलेट वाटून घ्या, जिलेटिनच्या कोमट द्रावणात गोळीची पूड कालवा, थाळीत थापून फ्रीजरमध्ये ठेवा आणि रोज मापाने तुकडा कापा. गोळी आणण्यापूर्वी पशुवैद्यकांशी बोलून घ्यावे. खाण्याच्या माशांना हे औषध देण्यास आपल्याकडे बंदी आहे. आपण फक्त शोभेच्या माशाबद्दल बोलत आहोत.

होटगी_रोड :
पाण्यातून औषध देण्याची पद्धतही आहे : लिटरला सुमारे 7 मिलिग्रॅम, रोज एकदा, 5 दिवस आणि प्रत्येक मात्रेपूर्वी थोडेफार पाणी बदलून. 230 लिटरसाठी रोज 400 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या लागतील. जिथे नळ काही दिवसांआड येतो तिथे रोज एवढे पाणी कुठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे, म्हणून मासा अजिबात खात नसेल तरच या मार्गाने जावे. त्या काळात फिल्टरमधील कार्बन काढून ठेवावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

आणखी एक. तापमान वाढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 32 अंशांना 7.3 च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. टाकीवरचे काचेचे झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅनचा झोत सोडा, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. जाळी घट्ट बसवा, ऑस्कर उडी मारतो.

जुळे_सोलापूर :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. टाकीतील वाचन असे आले : अमोनिया 0.25, नायट्राइट शून्य, नायट्रेट 80 पेक्षा जास्त, पीएच 8.2. बोअरच्या पाण्यात नायट्रेट 40 निघाले. नळाच्या पाण्यात ते जवळजवळ नाही. एका परिचित शिक्षकांनी विष्ठा पाहिली, तेव्हा वेगाने धावणारे जीव स्पष्ट दिसले. मासा कोळंबी घेतो. मीठ घालावे का, एवढेच विचारायचे राहिले.

विजापूर_रोड :
मीठ घालण्याची गरज नाही. नायट्राइट चढले असते, तर मिठातील क्लोराइडने कल्ल्यांतून होणारे त्याचे शोषण कमी झाले असते. तुमचे नायट्राइट शून्य आहे. अमोनियाकडे मात्र दुर्लक्ष नको. पीएच 8 आणि तापमान 30 अंश असताना एकूण अमोनियापैकी शेकडा सात ते आठ भाग विषारी रूपात असतो, तर पीएच 7 ला तो एक टक्क्याहूनही कमी असतो. तुमच्या पाण्यात हे प्रमाण आणखी जास्त असणार.

नळ येईल त्या दिवशी दोन मोठे ड्रम भरून ठेवा, त्यांत अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारे द्रावण) टाका, एअर पंपाला जोडलेला हवेचा दगड सोडा आणि रोज एक-पंचमांश पाणी त्यातून बदला. एकाच दिवशी तीन-चतुर्थांश पाणी बदलू नका. जुन्या पाण्याला सरावलेल्या माशाला अचानक बदल सोसत नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. औषधाचे 5 दिवस संपल्यावर विष्ठा तपकिरी होते का ते पाहा, आणि शक्य झाल्यास ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. खड्डे भरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि खोल खड्ड्यांचे वण कायम राहू शकतात. खड्डे लवकर भरत नाहीत म्हणून औषधाची मात्रा वाढवू नका.