फळं बंद केल्यानं वजन उतरतं का?

धंतोलीकर: नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर एका डाएटवाल्या बाईंचा मेसेज आला: 'वजन उतरवायचंय? आधी फळं बंद. फळातली साखर सरळ पोटावर चढते.' वाचून डोकंच उठलं. शंभर ग्रॅम संत्र्यात पन्नासेक कॅलरी, बाकी पाणी आणि चोथा. मध्यम केळ्यात शंभरेक. ग्रुपातली निम्मी मंडळी फिरणं झालं की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभी असतात, तर्री दोनदा मागून घेतात. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, आणि बंद काय करायचं, तर संत्रं!

मानेवाडा_ताई: भाऊ, तुमच्या घरी शुगर नाही म्हणून बोलता. माझ्या सासूबाई 'फळच तर आहे' म्हणत जेवणावर दोन-दोन आंबे खायच्या. वजन वाढलं, शुगरही वाढली. डॉक्टरांनी आंबा थांबवला तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

धंतोलीकर: पोळ्या तेवढ्याच, भात तेवढाच, वरून आंबे. मग दोष एकट्या आंब्याचा कसा?

काटोलचा_बागायतदार: अजी, तुम्ही असे मेसेज फिरवता अन् इकडं आमचा अंबिया बहाराचा संत्रा मातीमोल जाते. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हापासून माल अडकून पडते. कळमन्याच्या बाजारात व्यापारी बारीक फळ बाजूला काढते अन् फेकल्या भावात मागते. नागपूरचाच माणूस संत्रं खाईना, तर आम्ही झाडं तोडायची काय?

मानेवाडा_ताई: तुमचा भाव पडला म्हणून आम्ही वजन वाढवायचं का? विषय काय, तुम्ही बोलता काय!

काटोलचा_बागायतदार: विषय तोच आहे ताई. बर्डीवर ज्यूस पिता ना? ग्लासात तीन-चार संत्री पिळते, चोथा गाळणीत राहते, वरून साखर. दोन मिनिटांत पोटात. तीच चार सोलून खा, तिसऱ्यालाच हात थांबते. बंद करायचं तर ज्यूस करा. आमचं फळ काहून बदनाम करता?

खामल्याचा_पोरगा: काकांचं खरं आहे. मी रात्रीचे चिप्स सोडून मृग बहाराची संत्री धरली, पँट सैल झाली.

धंतोलीकर: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या रोजच्या आहाराच्या नमुना थाळीतही दिवसाला 100 ग्रॅम फळं आहेत. बंद करा असं कुठंही नाही.

मानेवाडा_ताई: 100 ग्रॅम म्हणजे एखादं संत्रं, टोपलीभर नाही! तेवढं मान्य. सासूबाईंनाही डॉक्टरांना विचारून देईन. आंबा मात्र आमच्याकडे फोडी मोजूनच मिळेल, त्यावर कोणी वाद घालू नये.

काटोलचा_बागायतदार: एका संत्र्यानं आमच्या बागेचं काय होते ताई? पण खा. अन् सोलूनच खा.