फाटा फुटला म्हणून मूळ रस्ता नाहीसा होतो का? सुपरहिरो चित्रपटांतल्या कालप्रवासाविषयी

शाहूपुरीकर

काल ‘जुना प्रेक्षक’ यांनी लिहिले की सुपरहिरोंच्या चित्रपटांतला कालप्रवास ही लेखकांनी शोधलेली पळवाट आहे. मेलेले पात्र परत हवे असले की नवी टाइमलाइन काढायची, आणि त्यामुळे कोणाच्याच मरणाला किंमत उरत नाही. दोन ओळींत उत्तर देऊन विषय सोडणार होतो, पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्या चित्रपटांना एकच नियम लावणे हीच मुळात चूक आहे. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये काळाची दोरी एकच आहे आणि ती मागे ओढता येते: लोइस भूकंपात दबून मरते, सुपरमॅन पृथ्वीभोवती वेगाने फिरतो, घडलेले पुसले जाते. २०१४ च्या ‘एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये वुल्व्हरिनचे फक्त मन १९७३ मध्ये जाते, आणि तिथे केलेल्या बदलाने पुढचे सगळे नव्याने लिहिले जाते. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ (२०१९) मात्र अगदी उलट सांगतो. तुम्ही मागे गेलात की ती जागा तुमच्यासाठी पुढचा प्रवास होते, आणि तिथे काहीही केलेत तरी तुम्ही जिथून निघालात ते जग बदलत नाही. तिथून एक वेगळा फाटा फुटतो. आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला हे समजायला महामार्गावरचा सांगली फाटा पुरेसा आहे. एक गाडी सांगलीकडे वळली म्हणून पुण्याला जाणारा महामार्ग पुसला जात नाही.

हा नियम चित्रपट नुसता बोलून दाखवत नाही. खलनायक थॅनोसने सहा रत्नांच्या बळावर निम्मे जीव नाहीसे केलेले असतात, आणि पाच वर्षांनी नायक ती रत्ने आणायला भूतकाळात जातात. त्यांच्यापैकी २०२३ मधली नेब्युला २०१४ मधल्या स्वतःलाच गोळी घालते आणि तरीही जिवंत राहते. काळाची दोरी एकच असती तर तीही त्याच क्षणी संपली असती. आणि आयर्नमॅन टोनीची अट आठवा: गेलेले परत आणू, पण मधली पाच वर्षे पुसायची नाहीत, कारण त्या पाच वर्षांत त्याची मुलगी जन्मली आहे. मरणाला किंमत नाही असे ज्याला वाटते, त्याने हा प्रसंग नीट पाहिलेला नाही.

जुना प्रेक्षक

मी नीट पाहिलेला आहे, साहेब, आणि म्हणूनच लिहिले. गमोराला तिच्या बापाने, थॅनोसने, व्होर्मिर ग्रहावरच्या कड्यावरून ढकलले, तेव्हा आमच्या रांगेतली मुले रडली होती. पुढच्या चित्रपटात ती २०१४ मधून उचलून आणलेली हजर. लोकीची मान थॅनोसने डोळ्यांदेखत मोडली, आणि २०१२ मधला लोकी टेसरॅक्ट, म्हणजे त्यातलेच एक रत्न, घेऊन निसटला म्हणून २०२१ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका. याला पळवाट म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

‘सुपरमॅन’ मी थोरल्या भावाबरोबर इथल्याच एका एकपडदा टॉकीजमध्ये पाहिला. बापाने मानवी इतिहासात हात घालू नकोस असे बजावलेले असतानाही तो पोरगा आभाळात झेप घेतो, ती आरोळी अजून कानात आहे. भावाला जाऊन आता बरीच वर्षे झाली. मला कोणी सांगितले की दुसऱ्या कुठल्यातरी फाट्यावर तुझा भाऊ आहे, तर त्याचे मी काय करू? मला माझाच भाऊ हवा. एकाच दोरीची गोष्ट बाळबोध असेल, पण माणसाला खरोखर जे हवे असते ते तीच मागते.

शाहूपुरीकर

तुमच्या भावाविषयी वाचून वाईट वाटले, आणि त्या दुःखाशी मी वाद घालत नाही. मात्र गमोराचे उदाहरण तुमच्या विरोधात जाते. जी परत आली ती तिच्या प्रियकराला, क्विलला, ओळखतही नाही. तो जवळ येतो तेव्हा त्याला गुडघा मारते. त्याची गमोरा मेली ती मेलीच. तुम्ही म्हणता तेच चित्रपटही म्हणतो आहे.

प्रकाशाचा वेग

मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि दरवर्षी निम्मा वर्ग ‘क्वांटम म्हणजे काहीही शक्य’ अशी समजूत करून येतो. ती समजूत मोडण्यात माझे पहिले दोन आठवडे जातात, आणि त्याचा दोष मी अशा चित्रपटांना देते. पदार्थवैज्ञानिक ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये अनेक विश्वांची जी मांडणी केली, तिच्यात फाटे फुटायला कोणी कालप्रवासी यावा लागत नाही. ते सतत फुटतच असतात. ‘एंडगेम’मध्ये जादूगारांची ती टकलू गुरू हवेत एक रेघ काढून दाखवते की रत्न काढले की काळवंडलेला फाटा फुटेल, आणि बॅनर, म्हणजे हल्क, म्हणतो की रत्न त्याच क्षणी परत ठेवले की फाटा मिटेल. फाटा असा मिटवण्याची सोय एव्हरेट यांच्या गणितात कुठेही नाही. शिवाय २०१४ मधला थॅनोस सैन्यासकट २०२३ मध्ये येऊन राख झाला. त्याच्या जगात रत्न परत ठेवले तरी थॅनोस परत गेलेला नाही. तो फाटा कोणी मिटवला?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. टोनी बोलता बोलता डॉइच यांचे नाव घेतो, ते निव्वळ शोभेचे नाही. पदार्थवैज्ञानिक डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये काळाच्या बंद वळणांवर, म्हणजे फिरून भूतकाळात नेणाऱ्या वाटांवर, निबंध लिहिला होता, आणि प्रवासी ज्या भूतकाळात पोहोचतो तो दुसऱ्या विश्वाचा असतो, असा अर्थ ते लावतात. त्या अर्थाने आजोबांना मारणारा नातू मग जन्मलाच कसा हा पेच उरत नाही, आणि नेब्युलाच्या गोळीचाही मेळ बसतो. त्या एका प्रसंगापुरते लेखक अभ्यास करून आले होते.

चिखलीकर

मॅडम, गणित तुमचे खरे असेल, पण हा नियम मला गणिताने कळला नाही.

‘एंडगेम’ पाहिला तो एप्रिल २०१९ च्या शेवटी, आणि तेव्हा कालप्रवासाचे ते बोलणे सगळे डोक्यावरून गेले. ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली. वडिलांनी चाळीस वर्षे हाताने उतरवलेली भजनांची वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. मी मिक्सर वर नेला, गॅसची शेगडी वर नेली, सातबाऱ्याची पिशवी वर नेली, आणि वही राहिली. पाणी उतरल्यावर ती सापडली तेव्हा पाने एकमेकांना चिकटून ओल्या विटेसारखी झाली होती; मी चमच्याच्या दांड्याने ती सोडवत बसलो, आणि शेवटच्या पानावरची तारीख तेवढी वाचता आली. वडील काही बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी ते गेले.

तेव्हापासून मी मनात कितीदा त्या दुपारी जाऊन आलो असेन. या चित्रपटाच्या नियमाने मी गेलो आणि वही वर ठेवली, तर दुसऱ्या फाट्यावरच्या घरात म्हातारा ती वही उघडून बसेल. माझ्या घरात लगदाच राहील. आणि मी ती इकडे घेऊन आलो, तर तिकडच्या माझ्याच वडिलांची वही चोरली असे होईल. गुरू बॅनरला नेमके हेच तर विचारते, की तुझे जग वाचवायला माझे जग उघडे पाडू का? काका, दुसऱ्या फाट्यावरच्या भावाचे काय करू, असे तुम्ही लिहिलेत. मी तर जाईन, वही वर ठेवीन, जमले तर रात्रभर बसून उतरवून घेईन, आणि हात हलवत परत येईन. तिकडचा माणूस आपला नाही असे तुम्ही इतक्या सहज कसे म्हणू शकता?

जुना प्रेक्षक

सहज म्हटलेले नाही. आपण तिशी-पस्तिशीचे असाल. माझ्या वयाचे झालात की बोलू. आणि एका चित्रपटाच्या नियमावरून माझ्या माणुसकीचे माप काढू नये, अशी विनंती आहे.

पेठेतला वाचक

दोघांनीही थोडे थांबावे. फाट्यांची गोष्ट आपल्याला परदेशातून शिकावी लागलेली नाही. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये ती केव्हाच लिहिली. १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागली ते एक जग, आणि ती कानाजवळून निसटली व मराठे जिंकले ते दुसरे. गंगाधरपंत अपघाताने तिकडे जातात आणि परत येतात. त्यांच्या बोलण्यावर विश्वास बसतो तो खिशात राहिलेल्या बखरीच्या फाटक्या पानामुळे, कारण तो मजकूर या जगात छापलेलाच नाही. मधली सगळी चर्चा क्वांटमची असली, तरी वाचकाला ते पानच पटवते.

आता शाहूपुरीकरांनी सोयीस्करपणे टाळलेला प्रश्न विचारतो. शेवटी स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, रत्ने परत ठेवायला भूतकाळात जातो आणि म्हातारा होऊन तळ्याकाठच्या बाकावर बसलेला सापडतो. तो आयुष्यभर कुठे होता? पटकथाकार मार्कस आणि मॅकफीली म्हणाले की तो याच जगात प्रेयसी पेगीबरोबर गुपचूप राहिला. दिग्दर्शक रूसो बंधू म्हणाले की तो दुसऱ्या फाट्यावर जगला आणि तिथून परतला. ज्यांनी नियम घातला त्यांचेच एकमत नसेल, तर आपण तो नियम कसा मानायचा?

शाहूपुरीकर

टाळला नव्हता, त्यासाठी वेगळे लिहिणार होतो. माझे मत रूसो बंधूंच्या बाजूचे आहे, आणि तुमचे फाटके पान मला फार उपयोगी पडले. म्हातारा स्टीव्ह आपल्या मित्राला, सॅमला, जी ढाल देतो ती अखंड आहे. या जगातली ढाल थॅनोसने शेवटच्या लढाईत तोडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मग ही कुठून आली? जिथे ती तुटली नाही अशाच जगातून. ती ढाल म्हणजे स्टीव्हच्या खिशातले बखरीचे पान आहे.

जुना प्रेक्षक

नारळीकरांची कथा आणि ही ढाल एका पंक्तीला बसवू नका. पान खिशात राहिले हा अपघात होता, आणि त्याने गंगाधरपंत आयुष्यभर अस्वस्थ राहतील. ढाल ही पुढच्या मालिकेत सॅमला कॅप्टन अमेरिका करायचे म्हणून दिलेली वस्तू आहे.

प्रकाशाचा वेग

हेतू काहीही असो, ढाल तुटलेली होती आणि आता ती अखंड आहे, हा पुरावाच आहे. मी शाहूपुरीकरांच्या बाजूने मत देते, आणि ते देताना मला आनंद होत नाही.

चिखलीकर

काका, वयाचे बोललात ते लागले, पण माझाही स्वर चढला होता. तुमच्या भावाविषयी मी असे विचारायला नको होते.

२०२३ च्या ‘द फ्लॅश’मध्ये पोरगा खून झालेल्या आईला वाचवायला भूतकाळात जाऊन, ती विसरलेला टोमॅटोचा डबा दुकानातल्या तिच्या ढकलगाडीत ठेवतो, त्यातून सगळ्या काळाचा शेवयांसारखा गुंता होतो, आणि शेवटी त्याला स्वतःच्या हाताने तो डबा परत काढून घ्यावा लागतो, तेही आई समोर उभी असताना. तो तुमच्या एका दोरीचा चित्रपट नाही, माझ्या फाट्याचाही नाही. तरी तो हात डब्याकडे जाताना मला वहीच दिसली.

जुना प्रेक्षक

तो प्रसंग चांगला आहे. डबे वरच्या फळीवर सरकवून, म्हणजे वर पाहणाऱ्या बापाचा चेहरा कॅमेऱ्यात यावा असे करून, खुनाच्या आरोपातून त्याची सुटका करून घेतो, तिथे मात्र लेखकाला राहवले नाही.

आता माझे शेवटचे. काल रात्री नातवाला बसवून तळ्याकाठचा प्रसंग तीनदा पाहिला. ढाल अखंड आहे; मान्य. पण बॅनर कालप्रवासाच्या यंत्रापाशी उभा राहून पाच सेकंद मोजतो, आणि स्टीव्ह फलाटावर येत नाही. दुसऱ्या फाट्यावरून परत यायचे तर वाट त्या यंत्रातूनच आहे, असे तुमचाच चित्रपट आधीचे दोन तास सांगत होता. फलाट रिकामा आहे आणि माणूस मागे बाकावर पाठमोरा बसलेला आहे, म्हणजे तो यंत्रातून आलेलाच नाही. तो चालत आला. तो याच जगात असेल तरच असे चालत येता येईल. ढालीचे उत्तर तुम्ही दिलेत. फलाटाचे द्या.

शाहूपुरीकर

फलाटाचे उत्तर माझ्याकडे नाही.