अनुभव धागा: अँडीज, आल्पुहारा, सिएरा… स्पॅनिश मुलखातल्या डोंगरातलं एखादं शांत गाव

ओलीमाती
आज गच्चीवर बटाट्याचा कीस घातला. सासूबाई सांगत होत्या, पातळ पसर, एकावर एक नको. ओल्या बटाट्याचा तो वास आला आणि मी थेट पेरू देशात जाऊन पोचले.

२०१४ चा जून. ओयांतायताम्बो गावाच्या वर जी दरी चढत जाते तिच्यात, साडेतीन हजार मीटरच्याही वर एक वस्ती. दहाबारा घरं, दगडी गडगे, अल्पाका. आम्ही दोघं दोन रात्री राहिलो. घरात एक आजी आणि तिचा नऊ-दहा वर्षांचा नातू. मी निघण्याआधी वर्षभर क्लास लावून स्पॅनिश शिकले होते. आणि आजीला स्पॅनिश येतच नव्हतं! ती फक्त केचुआ, तिथली मूळची भाषा, बोलायची. शाळेत स्पॅनिश शिकलेला नातू मध्ये बसायचा. म्हणजे तिथे स्पॅनिश मलाही परकी आणि त्यालाही परकी, त्या परक्या भाषेत आम्ही भेटायचो.

पहाटे बाहेर आले तर गवतावर लिंबाएवढे बटाटे पसरलेले, वर पांढरं दंव. आजी अनवाणी त्यांच्यावर उभी राहून पावलांनी दाबत होती. रात्री गोठतात, दिवसा उन्हानं सैल पडतात, मग तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की हलके काळपट खडे उरतात. ते चुन्यो, वर्षानुवर्षं टिकतं. गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात बरेच दिवस ठेवून, सालं काढून वाळवले की पांढरं होतं, त्याला कुस्को शहराकडे मोराया म्हणतात. तिनं मला खुणेनंच बूट काढायला लावले. पाच मिनिटांत पाय बधिर. ती मात्र तासभर तुडवत होती, मध्ये मध्ये माझ्याकडे बघून हसत होती.

रात्री आवाज एकच, चुलीपाशी फिरणाऱ्या गिनिपिगांचा. तिकडे त्यांना कुय म्हणतात आणि ते खरंच कुई कुई करतात. पाहुणे आले म्हणून त्यातला एक कापायचं चाललं होतं. मी मांस खात नाही हे नातवानं सांगितलं, तर आजीनं उकडलेले बटाटे आणि हिरवी तिखट चटणी वाढली. खाली सपाट दगड आणि त्यावर अर्धगोल दगड झुलवत वाटलेली. पाटा-वरवंट्याची बहीणच.

निघताना तिघांचा फोटो काढला. आजी काहीतरी बोलली, नातू म्हणाला, फोटो पाठवा. मी हो म्हटलं. आणि पाठवला नाही. पत्ता नव्हता हे खरं, पण मी शोधलाही नाही. आज कीस पसरताना ते आठवलं आणि डोळे भरून आले.

तुमच्यापैकी कुणी अशा गावात राहिलं असेल तर लिहा. तुटक लिहिलं तरी चालेल.

सायली_घाट
कुकर लावलाय, पण वाचल्याशिवाय राहवलं नाही. आजी डोळ्यांसमोर आली. रात्री लिहिते.

पांझरेकाठ
आमचं स्पेनमधलं. ग्रानादाच्या दक्षिणेला आल्पुहारा, गाव कापिलेइरा, साधारण १४३६ मीटर. मी मूळचा धुळ्याकडचा, आजोबा फडावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे, होते. तिथे गावात शिरलो आणि गल्लीच्या कडेनं पाणी खळाळत होतं. अरबांच्या काळात आखलेले पाट, नाव आसेकिया, शब्दही अरबीच. १४९२ ला ग्रानादाचं मुस्लिम राज्य पडलं, पुढे १५६८ च्या उठावानंतर मोरिस्को, म्हणजे बळजबरीनं ख्रिस्ती केलेल्या मुस्लिम लोकांना तिथून हाकललं, पण पाट राहिले. अजून चालतात. पाणी कुणाच्या शेताला किती वेळ हे ठरलेलं, ते बघायला माणूस नेमलेला. म्हणजे पाटकरीच की!

वरच्या अंगाला आणखी एक प्रकार बघितला. वसंतात बर्फ वितळलं की ते पाणी पाटानं डोंगराच्या अंगावर मुद्दाम सोडून देतात, मुरवतात, आणि उन्हाळ्यात ते खाली झऱ्यांना निघतं. तिकडचे लोक याला पाणी पेरणं म्हणतात. आपण लहानपणी भिंतीभिंतीवर वाचलंय, पाणी अडवा पाणी जिरवा. ते तिथे शेकडो वर्षं चाललंय. घरंही आपल्या धाब्याच्या घरांसारखी, सपाट छप्पर, वर करडी माती दाबून बसवलेली. मी एका पाटाच्या कडेला बसून घरी फोन लावला आणि वडिलांना नुसता पाण्याचा आवाज ऐकवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ओलीमाती
@पांझरेकाठ दादा, पाणी पेरणं! हा शब्द वहीत लिहून ठेवला.

डॉ_निवांत
ओपीडी संपली, दोन मिनिटं आहेत. जे जायचं ठरवताहेत त्यांच्यासाठी: कुस्को सुमारे ३४०० मीटरवर आहे. लिमाहून विमानानं उतरून लगेच वरच्या गावांना पळू नका. त्याच दिवशी खाली उरुबांबा किंवा ओयांतायताम्बोला जा, ती २८०० च्या आसपास आहेत, दोन रात्री झोपा, मग चढा. उंचीमुळे डोकेदुखी, मळमळ पुष्कळांना होते, तिकडे या त्रासाला सोरोचे म्हणतात. पण तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून. आमच्या गटातल्या एका काकांनी पेरूतल्याच कोल्का खोऱ्याच्या वाटेवरच्या खिंडीत त्रास अंगावर काढला. ती खिंड ४९१० मीटरची. खाली चिवाय गावाला पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुदैवानं निभावलं.

कैरी_लोणचं
कोकाची पानं मिळतात ना तिकडे? चहा छान लागतो म्हणे. इकडे आणता येतात का?

डॉ_निवांत
नाही. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान येतं. तिथे प्या, तिथेच ठेवा. टी-बॅगसुद्धा नाही.

कैरी_लोणचं
बरं झालं विचारलं.

सायली_घाट
आले. पोळ्या झाल्या.

मेक्सिकोतलं ओआहाका. त्याच्या उत्तरेच्या सिएरामध्ये, म्हणजे डोंगररांगेत, कुआहिमोलोयास, तीन हजार मीटरच्या वर, देवदाराच्या जातीची झाडं आणि धुकं. इतकं धुकं की समोरचं घर दुपारी दिसलं. सापोतेक या तिथल्या मूळ लोकांचं गाव. जंगल गावाच्या मालकीचं, आणि गावकामासाठी प्रत्येक घरानं राबायचं, त्याला तेकियो म्हणतात. आम्ही होतो त्या दिवशी वाट दुरुस्तीचा तेकियो होता. शिक्षक, दुकानदार, सगळे फावडी घेऊन. आमच्या यजमानीणबाईही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. खाली ओआहाका शहराच्या बाजारात एक बाई टोपलीत वड्या विकत होती. हातात घेतली, चावले, आणि ओरडलेच, अहो ही तर राजगिऱ्याची वडी! तीच लाही, तोच गुळाचा पाक. नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा तिकडचाच. आणि मी जन्मभर एकादशीला खात आलेय.

मोदकप्रेमी
आलेग्रिया!! किती गोड नाव. त्यांचा गूळ कसा असतो?

सायली_घाट
पिलोन्सियो. शंकूच्या आकाराचा, काळसर, आपल्या कोल्हापुरी गुळापेक्षा जरा जास्त कडक. खलबत्त्यात फोडावा लागतो.

मोदकप्रेमी
राजगिऱ्याच्या लाह्या फोडताना माझ्या करपतात. उपाय?

सायली_घाट
कढई कडकडीत तापू दे, एका वेळी एकच चमचा दाणे, वर कापडाच्या बोळ्यानं फिरवायचं. फुटले की लगेच उतरव.

येळवसवाला
लातूरकर हजर. आर्जेंटिनातलं इरुया. गाव साल्ता प्रांतात, पण रस्ता शेजारच्या हुहुई प्रांतातल्या उमावाकाहून. कच्ची वाट, चार हजार मीटरची खिंड, मग बस वळणावळणानं नुसती खाली खाली. बायको पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती. खाली पिवळं चर्च दिसलं तेव्हा उघडले.

आम्ही १ ऑगस्टला तिथे होतो. त्या दिवशी पाचामामा, म्हणजे भूमाता. अंगणात खड्डा खणून त्यात शिजवलेलं अन्न, कोकाची पानं, मक्याची चिचा, म्हणजे आंबवलेलं पेय, असं घालतात. आधी तिनं जेवायचं, मग आपण. यजमानांनी चिचाचा पेला माझ्या हातात दिला, म्हणाले, घाला, मग प्या. मला आमच्या रानातली येळवस, म्हणजे वेळा अमावास्येची पूजा, दिसायला लागली. कडब्याची कोप, पाच पांडव, अंबील शिंपडत वडील पुढं आणि आम्ही पोरं मागं ओरडत, ओलगे ओलगे सालम पोलगे. वडील जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी खड्ड्याजवळ गुडघे टेकले ते उठवेना. त्या माणसानं काही विचारलं नाही. खांद्यावर हात ठेवून उभा राहिला फक्त.

ओलीमाती
दादा… काय लिहू. नमस्कार त्यांना आणि तुमच्या वडिलांनाही.

पांझरेकाठ
येळवसवाला भाऊ, खांद्यावर हात समजा आमचाही.

रत्नांग्रीकर
आमची एक मैत्रीण तेरुएलकडे असते, स्पेनमध्येच, डोंगराळ भाग. तिच्या सासरच्या गावात हिवाळ्यात चुलीचा धूर निघतो अशी सहा घरं. बाकी कुलूप. या भागांना तिकडे रिकामा केलेला स्पेन म्हणतात. रिकामा झालेला म्हणत नाहीत, केलेला. ३१ मार्च २०१९ ला अशा गावांची माणसं माद्रिदमध्ये मोर्चाला उतरली होती. ऑगस्टात मात्र गावच्या जत्रेला सगळी पोरंबाळं परततात, अंगणात लांबच लांब टेबलं. मी म्हटलं, अगो, हे तर आमचे गणपती! दहा दिवस घर गजबजतं आणि मग आई एकटी पडवीत.

शांत गाव आपल्याला दोन दिवस बरं वाटतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ती शांतता नको असते. मला तरी तिथे राहून असंच वाटलं.

डोंगरवाट
रत्नांग्रीकर, पटलं. आमच्या वाडीतही तेच.

कैरी_लोणचं
आमच्या धाकटीचा प्रश्न: पेरू देशात पेरू मिळतो का?

ओलीमाती
मिळतो गं, पण तिथे त्याला ग्वायाबा म्हणतात. आणि बटाट्याला पापा. हा केचुआ शब्द. तिला सांग, तिथे बटाट्याच्या हजारो जाती आहेत, जांभळे, गुलाबी, अननसासारखे खवलेखवले असलेले.

लोकरगुंडा
विणणाऱ्यांनी तितिकाका सरोवरातलं ताकिले बेट बघाच. सरोवरच ३८०० मीटरवर, धक्क्यापासून वर पाचशेच्यावर पायऱ्या. गाड्या नाहीत. आणि टोप्या पुरुष विणतात! चालताना, गप्पा मारताना, हातात सुया सुरूच. बायका सूत काततात, मागावर पट्टे विणतात. युनेस्कोनं २००५ मध्ये त्यांच्या विणकामाला मान दिला. एका काकांनी माझ्या हातातलं अर्धवट विणकाम घेतलं, उलटसुलट बघितलं, दोन ओळी उसवल्या आणि नीट घालून परत दिल्या. ती टोपी माझ्या लेकीची आहे आता, त्या दोन ओळी तिला दाखवून ठेवल्यात.

प्रत्ययवेडा
@ओलीमाती ताई, मी थोडं केचुआ शिकलोय. आजी निघताना नेमकं काय म्हणाल्या, आठवतं का? शब्द?

ओलीमाती
थांबा, तेव्हाची वही माळ्यावर आहे. बघते.

डोंगरवाट
चुन्योची चव कशी असते पण?

लोकरगुंडा
मातकट, जरा कडवट, सूपमध्ये स्पंजासारखं रस पितं. दुसऱ्या दिवशी आवडायला लागतं.

ओलीमाती
सापडली. मी ऐकलं तसं देवनागरीत लिहिलंय: फोतोन्चिस्ता. पुढचं पुसट झालंय. मला वाटलं फोटोलाच त्या लाडानं असं म्हणत असतील.

प्रत्ययवेडा
लाडानं नाही ताई. शेवटचा ता हा कर्माचा प्रत्यय. त्याआधीचा न्चिस महत्त्वाचा. केचुआत आपल्यासारखंच आम्ही आणि आपण वेगळं आहे. फक्त त्यांच्या घरचा म्हणायचा असता तर फोतोयकू म्हणाल्या असत्या, म्हणजे आमचा. फोतोन्चिस म्हणजे आपला. तुम्हाला धरून. स्पॅनिशमध्ये हा फरकच नाही, त्यामुळे नातवानं सांगितलं तेव्हा तो गळून पडला असणार.

ओलीमाती
आपला फोटो.

सायली_घाट
अंगावर काटा आला.

येळवसवाला
ताई, अजून पाठवा. उशीर झाला असला तरी.

पुढचंस्टेशन
मी इतके दिवस नुसती वाचक. जूनमध्ये कुस्कोला चाललेय, ओयांतायताम्बोला तीन दिवस आहे. तिथल्या चौकातून वरच्या वस्त्यांना गाड्या जातात, चालक घरंघरं ओळखतात. फोटो आणि वस्तीचं नाव द्या. शक्यतो मी स्वतः वर जाईन, नाही जमलं तर चालकाच्या हाती देईन. आजी नसल्या तर नातू असेल.

ओलीमाती
तो आता वीस-एकवीसचा असेल. चालेल तुम्हाला? व्यक्तिगत निरोप केलाय. तीन प्रती काढते, एक मोठी. मागे काय लिहू @प्रत्ययवेडा? तुमच्याकडून शब्द हवेत.

प्रत्ययवेडा
सुल्पायकी लिहा, धन्यवाद. आणि वर फोतोन्चिस. बाकी मराठीतच लिहा, त्यांना अक्षर बघायला आवडेल.

मोदकप्रेमी
लाह्या फुटल्या! एकही करपली नाही.

रत्नांग्रीकर
ओलीमाती, कीस वाळला काय?

ओलीमाती
अजून दोन उन्हं लागतील. आत्ताच आत आणला, आभाळ आलंय. फोटोवाल्याकडे निघाले.