'दिनमान' म्हणजे राशिभविष्य का? कांद्याच्या पत्रकात अडलेला शब्द

वाफा
कांदा बियाण्याच्या पाकिटात टाकायच्या घडीपत्रकाचं मराठी करायचं आहे. मूळ इंग्रजी मजकुराचा अर्थ असा: ही जात ११ ते १२ तासांच्या दिवसात गड्डा धरते, १४ तासांचा दिवस लागणाऱ्या जाती इथे लावू नयेत. यातल्या 'दिवस किती तासांचा' या कल्पनेसाठी मी 'दिनमान' लिहिलं. खर्डा मोहोळकडच्या तिघांना वाचायला दिला. एकाने विचारलं, "दिनमान म्हणजे पेपरात राशीखाली येतं ते? मग कांदा कुठल्या राशीवर लावायचा?" दुसऱ्याने दिनमान म्हणजे हवापाणी धरलं. तिसरा म्हणाला, शब्द बरोबर आहे, पण तास कशाला, घटी लिहा.
पर्याय सुचवा. ओळीत जागा सतराच अक्षरांची आहे. आणि जातीला काय म्हणायचं: लघुदिनी, अल्पदिनी की आखूड दिवसाची?

घटिकापात्र
दाते पंचांग ज्या सोलापुरातून निघतं त्या गावाच्या पंचक्रोशीत 'दिनमान' कळत नाही, कमाल आहे. दिनमान म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, उरलेलं रात्रिमान. दोन्ही मिळून ६० घटी. १ घटी २४ मिनिटांची, १ पळ २४ सेकंदांचं.
सोलापूरचे अक्षांश १७° ४०' धरले तर सर्वांत लहान दिनमान २१-२२ डिसेंबरला ११ तास ४ मिनिटं, म्हणजे २७ घटी ४० पळं. सर्वांत मोठं २१ जूनला १३ तास ११ मिनिटं, म्हणजे ३३ घटींना दोन-तीन पळं कमी. वर्षभराचा फरक दोन तास सात मिनिटं, बस. इतका नेमका शब्द हाताशी असताना पर्याय कशाला?

कासराभर
नेमका आहे, पण कुणासाठी? बोलण्यात दिनमानाचा अर्थ केव्हाच सरकलाय. "त्याचं दिनमान फिरलं" म्हणताना कुणी घटी मोजत नाही, ग्रहदशा म्हणायची असते. पेपरवाल्यांनी तोच अर्थ राशींच्या रकान्यावर चिकटवला. शेतकरी चुकला नाही, तुमचा शब्द गावात राहिला नाही.
आपल्याकडे 'दिवस' हाच शब्द सूर्यालाही चालतो. दिवस उगवला, दिवस कलला, दिवस बुडाला. कानडीत 'होत्तु'चं हेच आहे, वेळ पण होत्तु आणि सूर्य पण होत्तु. सोलापुरात या दोन भाषा एका वाड्यात राहिल्या, त्यामुळे आपल्या 'दिवस बुडाला'वर कानडी सावली असावी असा माझा दाट संशय आहे.

शुद्धमती
संशय सोडा. 'दिवस मावळला' पार खानदेशापर्यंत म्हणतात, तिथे कुठली कानडी? सूर्य ज्याने दिवस होतो त्यालाच दिवस म्हटलं, इतकं साधं आहे.
मूळ प्रश्नाबद्दल: 'दिवसाची लांबी' कृपया लिहू नका. लांबी सुताची, लुगड्याची. तीच गोष्ट 'आखूड'ची. आखूड बाही असते. मराठीत दिवस मोठा असतो नाहीतर लहान असतो. 'लघुदिनी' मात्र चांगला घडवलेला शब्द आहे.

माळढोक
मोठा-लहानही निर्मळ नाही. हिंदीत 'बडा दिन' म्हणजे नाताळ, आणि २५ डिसेंबरला दिवस असतो ११ तास ४ मिनिटांचा! वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसांपैकी एक, आणि नाव बडा दिन.

रब्बी
शब्दाआधी वस्तू बघा. इथे तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातायत.
एक, सूर्य क्षितिजाच्या वर असतो तो काळ. ते दिनमान.
दोन, उजेड असतो तो काळ. सोलापूरला उगवतीआधी आणि मावळतीनंतर २२ ते २४ मिनिटं संधिप्रकाश असतो, म्हणजे दोन्ही टोकांना जवळजवळ एकेक घटी. डिसेंबरातला ११ तास ४ मिनिटांचा दिवस अशा हिशोबाने पावणेबारा तासांच्या वर जातो. पानाला फार मंद उजेडही 'दिवस' म्हणून कळतो, त्यामुळे पिकाचा दिवस पंचांगापेक्षा मोठा असतो.
तीन, या उजेड-अंधाराला झाड जो प्रतिसाद देतं तो. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला 'दीप्तिकालिता' म्हणतात. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलेली गोष्ट. पाकिटावर हा शब्द छापलात तर राशिभविष्य परवडलं म्हणतील.
पत्रकाला दुसरी गोष्ट हवी आहे. म्हणून 'उजेडाचे तास'. सहा अक्षरं.

वाफा
'उजेडाचे तास' आवडलं. पण ढगाळ दिवस? पावसाळ्यात उजेडाचे तास कमी, असंच वाचणारा धरेल.

रब्बी
हा धोका खरा आहे. ढगाने उजेडाचा जोर कमी होतो, तास तेवढेच राहतात. आषाढात आभाळ भरलेलं असलं तरी कांद्याच्या लेखी दिवस तेरा तासांचाच. खरिपाच्या कांद्याची पात जाड राहते ते ओल आणि नत्र यांच्यामुळे, ढगाने तास चोरले म्हणून नाही.
आता १४ तासांच्या जातींचं. सोलापुरात जूनमध्येसुद्धा दिवस १३ तास ११ मिनिटांच्या पुढे जात नाही. त्यामुळे युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या काश्मीरसारख्या थंड प्रदेशातल्या लांब दिवसाच्या जाती इथे लावल्या तर पात वाढत राहते, मान जाड होते, खाली गड्डा भरतच नाही. बियाणं खराब नसतं, गाव चुकलेलं असतं. उलट आपली जात उत्तरेकडच्या मोठ्या दिवसात नेली तर रोप लहान असतानाच गड्डा धरते आणि गोटी निघते. पत्रकात शब्द कुठलाही घाला, ही दोन वाक्यं घाला.
आणि खर्ड्यात 'दिवस मोठा झाल्याने डेंगळे येतात' असं असेल तर काढा. डेंगळ्याला, म्हणजे फुलाच्या दांड्याला, कारण थंडी, आणि थंडी पडायच्या आत जून झालेलं रोप. वेळेआधी लावलेलं किंवा वाफ्यात फार दिवस राहिलेलं जाड रोप थंडीत सापडलं की डेंगळे.

शुद्धमती
'लांब दिवसाच्या जाती'? आत्ताच तर ठरलं ना!

रब्बी
तुम्ही ठरवलंत. आणि नेमकेपणाच हवा असेल तर 'लघुदिनी'सुद्धा चूक. शेवंती, रब्बी ज्वारी ही पिकं दिवस मोजत नाहीत, सलग अंधार मोजतात. शेवंतीचं फूल पुढे ढकलायचं असलं की मध्यरात्रीच्या सुमारास काही वेळ दिवे लावतात. दिवस तेवढाच, रात्र मात्र मधोमध तुटते, आणि कळी थांबते. म्हणजे खरा शब्द 'दीर्घरात्री' हवा. लिहिता?

कासराभर
'दीर्घरात्री शेवंती' म्हणजे थेट लावणीतलं काहीतरी वाटतंय.

गड्ड्यावरचा पाळणा
पिकांचं राहू द्या. दिवस संक्रांतीपासून तिळातिळाने वाढतो हे लहानपणापासून पाठ आहे. इथे वर २१-२२ डिसेंबर लिहिलंय. कुठलं खरं? कारण संक्रांतीला सोलापुरात भरते त्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सकाळी अजून अंधारच असतो, वाढला कुठे दिवस?

घटिकापात्र
चांगला प्रश्न, उत्तर मात्र दोन तुकड्यांत.
दिनमान वाढायला लागतं २२ डिसेंबरनंतरच. मकर संक्रांत तारकांवरून मोजतात, आणि अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो त्यामुळे) ती खऱ्या उत्तरायणापासून सुटून आता १४-१५ जानेवारीवर आली आहे, साधारण ७० वर्षांत एक दिवस या गतीने. अयनाच्या दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, वाढ जवळपास शून्य. संक्रांतीच्या सुमाराला रोज तीसेक सेकंद, म्हणजे सव्वा पळ. तिथे तीळ शोभतो. मार्चच्या विषुवदिनाला रोज पूर्ण मिनिट.
आता अंधाराचं. सोलापूरला २१ डिसेंबरला सूर्योदय सुमारे ६.५२ आणि सूर्यास्त ५.५६. १५ जानेवारीला सूर्योदय ७.०० आणि सूर्यास्त ६.११. दिवस सात मिनिटांनी वाढला, पण सकाळही आठ मिनिटं *पुढे* गेली आणि संध्याकाळ पंधरा मिनिटं. सूर्योदय सर्वांत उशिरा होतो तो १८-२० जानेवारीच्या आसपास. सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो मात्र नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, ५.४९ ला. म्हणजे गड्ड्यावर सकाळी अंधार असतो ही तक्रार बरोबर, आणि दिवस वाढलाय हेही बरोबर.
कारण मध्यान्ह स्वतःच घड्याळावर सरकत असते. सोलापूर ७५° ५४' रेखांशावर, प्रमाणवेळ ८२° ३०' ची, म्हणून सूर्य डोक्यावर यायला सरासरी १२.२६ होतात. पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती वेळ १२.१० असते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.४०.

माळढोक
म्हणजे 'दुपारी बारा वाजता सावली पायात' हे सोलापुरात कधीच खरं नाही?

घटिकापात्र
बाराला कधीच नाही. सावली अगदी पायाखाली येते वर्षातून दोनदा, १०-११ मेच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत. मेमध्ये घड्याळात तेव्हा १२.२३ झालेले असतात.

शुद्धमती
मग 'समदिन' हा शब्द तरी टिकतो का? दिवस-रात्र समान?

घटिकापात्र
तोही लंगडतो. २०-२१ मार्चला सोलापूरचं दिनमान १२ तास ७ मिनिटं असतं. सूर्याची वरची कड दिसली की उदय धरतात, आणि हवेत किरण वाकल्याने ती कड खरी वर यायच्या आधीच दिसते. बरोबर बारा तासांचा दिवस १४ मार्चच्या आसपास येऊन गेलेला असतो. म्हणून 'विषुवदिन' म्हणा, त्यात समानतेचा दावा नाही.

चाटीगल्ली
हे सगळं दिनमान राहुकाळाला लावत नाही का? दुकान उघडायला इथे मराठी, कानडी, तेलुगू सगळेच तो बघतात. कॅलेंडरात सोमवारी साडेसात ते नऊ छापलेलं असतं, बारा महिने तेच.

घटिकापात्र
तो सहा ते सहाचा, बारा तासांच्या दिवसाचा ठोकळा आहे. राहुकाळ म्हणजे दिनमानाचा आठवा भाग. डिसेंबरात तो ८३ मिनिटांचा, जूनमध्ये ९९ मिनिटांचा. सोमवारी दुसरा भाग, म्हणून २१ डिसेंबरच्या सुमाराच्या सोमवारी सूर्योदय ६.५२ धरून राहुकाळ ८.१५ ते ९.३८. कॅलेंडर बघून नऊला शटर उचललं तर ऐन राहुकाळात उचललं. (मानणाऱ्यांसाठी हिशोब सांगितला, मानावं असं नाही.)
प्रहराचंही तेच. प्रहर म्हणजे तीन तास असं शाळेत सांगतात. दिवसाचा प्रहर दिनमानाचा चौथा हिस्सा धरला तर डिसेंबरात पावणेतीन तासांचा आणि जूनमध्ये तीन तास १८ मिनिटांचा.

कासराभर
म्हणून तर गावातली मापं बरी. दिवस कासराभर (कासरा म्हणजे बैल हाकायचा दोर) वर आला, हातभर राहिला, कडूसं पडलं. यात अक्षांश-रेखांश लागत नाहीत.

रब्बी
मिनिटंही लागत नाहीत, हीच अडचण. कासराभर म्हणजे किती?

घटिकापात्र
मोजता येतं. हात ताठ पुढे करून मूठ क्षितिजावर ठेवली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश. मार्चमध्ये सूर्याला तेवढं चढायला ४२ मिनिटं लागतात, डिसेंबरात तिरका चढतो म्हणून ४७. मूठभर दिवस म्हणजे दोन घटींना जरा कमी.

वाफा
पत्रक परवा छपाईला जाणार आहे. सध्या ओळ अशी: 'दिवस ११ ते १२ तासांचा'. शब्दच टाळला. आता नवीन अडचण. 'जानेवारीनंतर गड्डा भरतो' हे वाक्य ज्याला दाखवावं तो हसतो, म्हणतो गड्डा जानेवारीतच भरतो, यात्रेच्या होम मैदानावर.

गड्ड्यावरचा पाळणा
हसणारच. कानडीत 'गड्डे' म्हणजे कंद, आणि 'नडुगड्डे' म्हणजे पाण्यातलं बेट. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध, म्हणून यात्रेला गड्डा, असा माझा अंदाज.

शुद्धमती
अंदाजच. यात्रा मैदानावर भरते, तळ्यात नाही.

कासराभर
कासऱ्याला मूठ लावून चालणार नाही. कासरा बारा हातांचा असतो.

माळढोक
औताचा की गाडीचा? गाडीवान बैलांच्या पाठीशीच बसतो, औतामागचा माणूस लांब चालतो. दोघांचा कासरा सारखा कसा असेल?