क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं? (सिंगापूरहून ४ रात्री, सोबत सासू-सासरे)

चिंचपाणी

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी ४ रात्रींची रॉयल कॅरिबियनची क्रूझ बुक केली आहे. आम्ही दोघं, ७ वर्षांचा मुलगा, सासूबाई (६८) आणि सासरे (७२). एजंटने पाठवलेल्या पीडीएफमध्ये रात्रीच्या जेवणापुढे 'कॅज्युअल' लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात 'एक संध्याकाळ फॉर्मल'. त्या एका ओळीवरून घरात आठवडाभर खल चाललाय.

सासूबाई रोज पाचवारी साडीच नेसतात आणि फॉर्मल म्हटल्यावर पैठणी काढून बसल्यात. सासऱ्यांचा पोशाख लेंगा-झब्बा. नवरा म्हणतो, सूट शिवणार नाही आणि भाड्यानेही आणणार नाही. शिवाय बोटीवर इस्त्री नेता येत नाही असं ऐकलं, ते खरं का? जोडप्यामागे एकच मोठी बॅग न्यायची आहे, त्यामुळे 'असू दे, लागेल' प्रकारचे कपडे नकोत.

दर्यावर्दी

ताई, सुटाचा विषय आजच बंद करा. लागत नाही.

बोटीवर जेवायच्या जागा दोन-तीन प्रकारच्या असतात आणि कपड्यांचा नियम जागेवर ठरतो. बुफेमध्ये चारही रात्री काहीही चालतं, फक्त ओला पोहायचा पोशाख आणि अनवाणी पाय नकोत. टेबलावर बसून वाढून घ्यायचं ते मुख्य डायनिंग रूम. तिथे साध्या रात्री जीन्स-शर्ट, कॉलरवाला टी-शर्ट, पंजाबी ड्रेस, साडी, सगळं चालतं. जास्तीचे पैसे भरून जायची स्पेशालिटी रेस्टॉरंट असतात, तिथे डायनिंग रूमपेक्षा एक पायरी वर धरा: फुल पँट, बंद किंवा नीटस पादत्राण.

५ रात्रींपर्यंतच्या सफरीत फॉर्मल संध्याकाळ साधारणपणे एकच असते, ६ किंवा जास्त रात्री असतील तर दोन. कोणत्या दिवशी ते बोटीच्या ॲपमध्ये आणि रोजच्या छापील पत्रकात येतं. पहिल्या रात्री सहसा नसतेच, कारण तेव्हा अर्ध्या लोकांच्या बॅगा खोलीत पोचलेल्या नसतात. त्या एका संध्याकाळी तुमच्या यजमानांना गडद पँट, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि बूट एवढं बास. घरी ब्लेझर पडून असेल तर घाला, नसेल तर नका आणू. हवा तेवढा झगमगाट करणारे लोक दिसतील, पण साध्या शर्टातल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवत नाही. आणि ती संध्याकाळ अजिबात नकोच असेल तर त्या रात्री बुफेला जायचं. तिथे फॉर्मल वगैरे काही नसतं.

लोकांच्या डोक्यात असते ती क्युनार्ड कंपनीच्या अटलांटिक पार करणाऱ्या बोटींवरची काळ्या टायची रात्र. ती वेगळी जात. आणि गंमत म्हणजे तिथेही आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालतो.

टाकाटिपा

साडी आणि झब्ब्याबद्दल मी लिहिते.

साडी चालते का, हा प्रश्नच नाही. फॉर्मल रात्री अख्ख्या डायनिंग रूममध्ये सगळ्यात नीट कपड्यातल्या सासूबाईच असतील. पण पैठणी नको, आणि त्याचं कारण पोशाखाचे नियम नव्हे. बॅगेत तीन-चार दिवस एकाच घडीवर दाबून राहिली की जरीची तार त्या घडीवर मोडते, आणि मोडलेली जर कुठल्याही इस्त्रीने सरळ होत नाही. त्यात समुद्राची दमट हवा आणि समोर टोमॅटोचं सूप. हौस असेल तर हलकी सेमी पैठणी न्या, काठ तेच दिसतात.

इस्त्री न्यायची नाही हे खरंय. साधी इस्त्री, प्रवासी इस्त्री, हातातला वाफेचा स्टीमर, तिन्हींना आगीच्या भीतीने बंदी आहे. बॅग स्कॅन होताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. म्हणून कापड असं निवडा की इस्त्रीवाचून निभावेल:

क्रेप, जॉर्जेट, पॉलीसिल्क, मऊ आर्ट सिल्क: रात्रभर हँगरला लावलं की बऱ्याच चुण्या आपोआप उतरतात.
खळ दिलेली सुती साडी, लिनन, खादीचा झब्बा: बॅगेतून निघतानाच चुरगळलेले, आणि तसेच राहतात. हे घरी ठेवा.

झब्बा कॉटन-सिल्क किंवा टेरिकॉटचा घ्या, गडद रंगाचा. त्यावर जॅकेट घातलं की फॉर्मल झालं. खाली ढगळ पांढऱ्या लेंग्याऐवजी चुडीदार किंवा सरळ पायाचा पायजमा बरा. मांडीवरच्या चुण्या पांढऱ्या लेंग्यात सगळ्यात आधी दिसतात.

'बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत कपडे टांगा' हा सल्ला सगळीकडे मिळेल. बोटीवर तो अर्धाच लागू पडतो, कारण तिथल्या बाथरूमचा एक्झॉस्ट जबरदस्त ओढतो आणि वाफ साचूच देत नाही. त्यापेक्षा १०० मिलीची रिकामी स्प्रे बाटली न्या. कपडा हँगरला लावायचा, एक हातभर लांबून पाण्याचा हलका फवारा मारायचा, काठ आणि शिवणी खाली ताणून हाताने सपाट करायच्या आणि सोडून द्यायचं. एसीच्या कोरड्या हवेत तासा-दोन तासांत वाळतं. सिल्कवर मात्र करू नका, पाण्याचे डाग उठतात.

शर्टाची कॉलर आणि बटणपट्टी यांच्यासाठी केस सरळ करायचं यंत्र कामाला येतं, त्याला बंदी नाही. फक्त सुती कपड्यावर, आणि आधी पट्ट्या पुसून घ्या. केसाचं तेल चिकटलेलं असलं तर कॉलरवर पिवळी रेघ उमटते.

सेरांगूनकर

वरच्या यंत्राबद्दल जोड: खोलीत साधारणपणे दोन तऱ्हेचे सॉकेट असतात. चपट्या दोन पिनांचं ११० व्होल्टचं अमेरिकन आणि गोल दोन पिनांचं २२० चं युरोपियन. आपली बारीक गोल दोन पिनांची वायर युरोपियन सॉकेटात बसते, तीन पिनांची बसत नाही. २२० चं यंत्र ११० वर लावलंत तर जेमतेम कोमट होईल. एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, तोही काढून घेतात.

आदल्या रात्री सिंगापुरात हॉटेल असेल तर सगळी इस्त्री तिथेच उरका. खोलीत इस्त्री नसली तर रिसेप्शनला मागा. मग ड्रायक्लीनवाले देतात तसल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत एकेक कपडा हँगरसकट घालून बॅगेत सगळ्यात वर आडवा ठेवा. प्लास्टिकवर कापड सरकतं, म्हणून घडी पक्की बसत नाही. बोटीवर खोलीत शिरल्याबरोबर बाहेर काढून टांगायचं. हँगर मोजकेच असतात, चार-पाच जास्तीचे घरून न्या. खोलीच्या भिंती पोलादी असल्याने लोहचुंबकाचे हुक चिकटतात. इनसाइड (बिनखिडकीची) खोली साधारण १६०-१७० चौरस फुटांची, दोन साड्या टांगायला तेच बरे पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता. मरीना बे क्रूझ सेंटरला, म्हणजे सिंगापुरात बोटीत चढायच्या जागी, मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्या खोलीपाशी पोचायला संध्याकाळ होते, कधी जेवणाची वेळही उलटून जाते. पहिल्या रात्रीचे कपडे, औषधं, सासूबाईंचा परकर-ब्लाउज आणि मुलाचा पोहायचा पोशाख हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर सकाळपासून घामेजलेल्या कपड्यांतच जेवायला बसावं लागतं.

परकर किंवा पिना विसरल्या तर लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरच्या वरच्या मजल्यावर किंवा मुस्तफा या मोठ्या दुकानात मिळतील.

भरती_ओहोटी

हाफ पँटबद्दल कोणी बोललं नाही. डायनिंग रूममध्ये रात्री गुडघ्यापर्यंतच्या नीट शॉर्टमध्ये लोक सर्रास बसलेले असतात, कोणी हटकत नाही. उगाच नवशिक्यांना घाबरवू नका.

दर्यावर्दी

बसलेले असतात, मान्य. पण ते त्या बोटीवर आणि दाराशी उभ्या माणसावर अवलंबून. पाच जणांचं कुटुंब रांगेत उभं असताना एकाला खोलीत परत पाठवलं तर लिफ्टसकट पंधरा-वीस मिनिटं जातात. एक फुल पँट बॅगेत अर्धा किलोसुद्धा भरत नाही. बिनबाह्यांचा बनियनछाप टी-शर्ट, टोपी आणि रबरी स्लिपर मात्र नकोतच.

चिंचपाणी

किती नेमकं सांगितलंत! अजून तीन शंका. सासरे कोल्हापुरी घालतात, ती चालेल? सासूबाईंना एसी सोसत नाही. आणि आमची जेवणाची वेळ संध्याकाळी साडेपाचच्या आसपासची पडली आहे, फुकेतच्या दिवशी फिरून येऊन आवरणं जमेल का?

टाकाटिपा

कोल्हापुरीला पोशाख म्हणून हरकत नाही, चामड्याची सँडल म्हणून खपते. हरकत तळव्याची आहे. गुळगुळीत चामड्याचा तळ ओल्या डेकवर आणि पॉलिश केलेल्या जिन्यावर सटकतो, बोट थोडी हलत असेल तर जास्तच. ७२ व्या वर्षी हे नको. चांभाराकडून खाली रबरी सोल मारून घ्या, किंवा मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल न्या. तुम्हालाही उंच टाचा नकोत. डेकवर जाणाऱ्या दारांना खाली उंबरठा असतो, नजर वर ठेवून चालणारी माणसं तिथे हमखास अडखळतात.

साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसायची. पदर खांद्याला एक आणि निऱ्यांना एक पिन हवीच. बोट चालू असताना वरच्या उघड्या डेकवर वारा इतका असतो की सुटा पदर तोंडावर येतो. फोटो काढायचे ते आत जिन्याजवळ काढा. फॉर्मल रात्री बोटीचे फोटोग्राफर तिथे पडदे लावून उभेच असतात. ते काढतात फुकट, घ्यायचा झाला तर पैसे. नाही घेतला तरी चालतं.

डायनिंग रूम आणि थिएटर दोन्ही ठिकाणी एसी बोचरा असतो. पातळ लोकरी शाल न्या, जाड स्वेटर नको. तीच शाल फुकेतला वाट चलोंगसारख्या देवळात खांदे झाकायला तुम्हालाही उपयोगी पडेल.

सेरांगूनकर

फुकेतच्या वेळेचं: तिथे मोठी बोट सहसा धक्क्याला लागत नाही, पातोंगच्या समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या टेंडर बोटींनी ने-आण होते. परतीला दुपारी रांग लागते, अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्यात वाळू, मीठ, आंघोळ. साडेपाचची वेळ गाठायची तर धावपळ होते, म्हणून त्या दिवशी सरळ बुफे ठरवून ठेवा आणि साडीचा बेत समुद्रातल्या पूर्ण दिवसासाठी. मात्र फॉर्मल संध्याकाळ नेमकी कधी आहे ते ॲपमध्ये बघूनच पक्कं करा.

आणि पूर्ण शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर आत्ताच एजंटकडून बुकिंगवर नोंदवून घ्या. पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा, पुढच्या दिवसांसाठी ते भारतीय भाजी-डाळ आधीपासून लावून घेतात.

लाटकर

धाग्यात घुसतोय, माफ करा. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियावर पण हेच सगळं का?

दर्यावर्दी

त्याहून सैल धरा, बोटीवर बहुतेक आपलीच माणसं असतात. नीट जीन्स, कुर्ता, साडी पुरे. शाल, रबरी तळ आणि हातातल्या पिशवीत पहिल्या रात्रीचे कपडे, हे मात्र तिथेही तसंच. जाता जाता, कॉर्डेलियाची ती एम्प्रेस बोट मूळची रॉयल कॅरिबियनचीच. १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस नावाने आली होती.

चिंचपाणी

यादी केली, बघा बरं:

सासूबाई: २ जॉर्जेट, १ क्रेप, फॉर्मलला १ सेमी पैठणी, ४ ब्लाउज, २ परकर, शाल, पिना.
सासरे: २ साधे झब्बे, १ गडद कॉटन-सिल्क, जॅकेट, ३ पायजमे, पट्ट्याची सँडल.
नवरा: १ जीन्स, १ गडद पँट, ३ शर्ट, बूट.
मी: ३ कुर्ते, २ लेगिंग, १ सिल्कचा ड्रेस.
मुलगा: ४ टी-शर्ट, ३ शॉर्ट, १ पँट, १ शर्ट.

टाकाटिपा

सासूबाईंची एक जॉर्जेट कमी करा, एक परकर वाढवा. साडी दोनदा नेसता येते, पण परकर धुतला तर त्या बाथरूममध्ये जाड नेफा लवकर वाळत नाही. रॉयल कॅरिबियनच्या बोटींवर आपण धुवायचं यंत्र नसतं, कपडे लाँड्रीला द्यायचे तर नगावर पैसे. सेमी पैठणीला नुसती इस्त्री हवी असेल तर पहिल्याच दुपारी कपाटातल्या लाँड्रीच्या पिशवीत दर लिहिलेल्या चिठ्ठीसकट द्या आणि कधी मिळेल ते खोली आवरणाऱ्याला विचारून ठेवा. फॉर्मलच्या दिवशी दुपारी दिली तर वेळेत मिळेलच असं नाही.

मुलाला चार टी-शर्ट पुरणार नाहीत, सहा घ्या. आइस्क्रीमचं यंत्र दिवसभर चालू असतं.

सेरांगूनकर

अजून एक. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी (टॅग) लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, आणि त्या रातोरात जातात. वेळ पत्रकात छापलेली असते. तोवर जेवणाचे कपडे बदलून आत गेलेले हवेत, आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, पासपोर्ट बाहेर राहिलेले हवेत. सासूबाईंचा उद्याचा परकर कुठल्या बॅगेत आहे ते बॅग बाहेर ठेवायच्या आधी विचारा.