इतिहासाच्या पदवीनंतर आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए.

प्रश्न: मी इतिहासात बी.ए. केले आहे. राज्यशास्त्राची पार्श्वभूमी नसताना आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.साठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विचार करावा का?

प्रतिसाद १: अवश्य करावा. तेथील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था १९५५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली आणि १९७० मध्ये विद्यापीठात विलीन झाली. निरनिराळ्या प्रदेशांच्या अभ्यासाची केंद्रे हे तिचे खरे बळ आहे. इतिहासाचा पाया तुम्हाला उपयोगीच पडेल, कारण पहिले महायुद्ध आणि शीतयुद्ध नीट समजल्याशिवाय वास्तववाद (राष्ट्रे सत्ता व सुरक्षेसाठी झगडतात हे मत) व उदारमतवाद (राष्ट्रांत सहकार्य शक्य आहे हे मत) यांच्यातील वाद नुसता पाठांतराचा विषय होतो. राज्यशास्त्राच्या मूलभूत संकल्पना मात्र आतापासूनच वाचाव्यात.

प्रतिसाद २: तेथील प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. महाराष्ट्रातच राहायचे असल्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभागही पाहावा.

प्रतिसाद ३: सोबत एखादी परकीय भाषा शिकावी, असे मी आग्रहाने सुचवेन.