सिगरेट सुटली, वेप सुटेना : तुमचे अनुभव लिहा

सिगरेट सोडून मला चार वर्षं होत आली. वेप, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगरेट, मात्र अजून खिशात आहे.

ज्यांनी ई-सिगरेट वापरली, वापरताहेत किंवा घरात कुणाच्या हातात पाहिली, त्यांनी इथे मोकळेपणाने लिहावं म्हणून हा धागा. काय बरं वाटलं, कशाचा त्रास झाला, पैसे कुठे वाया गेले, सगळं चालेल. नाव नको असेल तर वर फक्त गावाचं नाव द्या. ज्यांनी कधी सिगरेटच ओढली नाही त्यांनी कुतूहलापोटी ह्या वाटेला जाऊ नये, ही विनंती आधीच करतो. आणि कृपया उपदेश नकोत. इथे लिहिणारा माणूस स्वतःशी भांडून आधीच दमलेला असतो.

सुरुवात माझ्यापासून.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. सतरा वर्षं रोज बारा-पंधरा सिगरेटी ओढल्या. इथे सिगरेट सोडायला मदत करणारी सरकारी सेवा आहे, तिथल्या बाईंनी हातात किट ठेवलं : पेनापेक्षा थोडी जाड बॅटरी, वर काचेची छोटी टाकी, लिक्विड तापवणाऱ्या दोन कॉइल आणि निकोटिनच्या लिक्विडच्या दोन बाटल्या. इथल्या नियमाप्रमाणे निकोटिन मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर नसतं, टाकी २ मिलीची आणि बाटली १० मिलीची.

घरी आलो, टाकी भरली आणि लगेच झुरका घेतला. तोंडात जळक्या चिंधीची चव आणि घशात असा ठसका की डोळ्यांतून पाणी आलं. कॉइल बदलली, दुसरीचंही तेच. वस्तूच खराब दिली म्हणून चिडलो. मग जळलेली कॉइल पक्कडीने उघडून दिव्याखाली धरली. आत तारेचं बारीक वेटोळं, त्याभोवती कापूस. तारेला चिकटलेला भाग काळाठिक्कर आणि कडेचा अजून पांढरा, कोरडा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. समईची वात तेलात भिजायच्या आत पेटवली तर वातच जळते, तसंच हे. नव्या कॉइलच्या कापसावर चार थेंब सोडायचे, टाकी भरून दहा मिनिटं उभी ठेवायची, मगच ओढायचं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या रात्री मी खाली जाऊन सिगरेटचं पाकीट आणलं नसतं.

पुढे जमलं. तिसऱ्या आठवड्यात बायको कढीला फोडणी देत होती आणि मला जिन्यातच मेथीदाण्याचा वास आला. कितीतरी वर्षांत तो वास मला इतक्या लांबून आला नव्हता. सकाळचा खोकला गेला. मुलगी कुशीत येताना नाक मुरडायची, ते थांबलं. ह्यासाठी मी त्या वस्तूचा मनापासून ऋणी आहे.

तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. सिगरेट संपते. थोटूक विझवलं की माणूस आत येतो, कामाला लागतो. वेपला थोटूकच नाही. गच्चीत जावं लागत नाही, काडी शोधावी लागत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळत नाही. पूर्वी दिवसाला पंधरा वेळा ओढायचो, आता किती वेळा ते मोजताही येत नाही. रात्री कूस बदलताना हात आपोआप उशाखाली जातो.

इंग्लंडमध्येच ८८६ जणांवर झालेली एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली होती. वर्षभरानंतर सिगरेटपासून लांब राहिलेले लोक ई-सिगरेटच्या गटात १८ टक्के होते आणि निकोटिनचा गम, पॅच वगैरे घेणाऱ्या गटात ९.९ टक्के. म्हणजे उपयोग होतो. पण त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगरेट ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत जे सिगरेटपासून लांब राहिले, त्यांतले ९ टक्केच अजून गम-पॅच घेत होते. हे वाचलं तेव्हा वाटलं, आपलीच गोष्ट कुणीतरी लिहून ठेवली आहे.

तुमचं काय झालं?

लेस्टर

बाई म्हणून लिहिते आहे, कारण आपल्याकडे बायका ओढतच नाहीत असं सगळे धरून चालतात. मी केअर होममध्ये रात्रपाळी करते. दहा वर्षं सिगरेट होती, घरी फक्त नवऱ्याला माहीत. सासूबाई सहा महिने राहायला आल्या तेव्हा वासाने सापडेन ह्या धास्तीने डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकायचं, वेप घेतलं. टरबुजाच्या स्वादाचं. वास नाही, राख नाही, बटण नाही, ओढलं की सुरू. पहिले दोन महिने मला ते वरदान वाटलं.

त्रास असा की ते कधी संपणार ते कळायचं नाही. पहाटे तीनला, दोन आजी एकदम बेल वाजवत असताना, अचानक करपलेली चव यायची आणि दिवा लुकलुकून बंद. मग दिवस उजाडेपर्यंत मी सगळ्यांवर खेकसायची. म्हणून पर्समध्ये कायम दोन ठेवायला लागले आणि दोन आहेत म्हटल्यावर दुप्पट ओढायला लागले.

एकदा कपाट आवरताना मागच्या कोपऱ्यात संपलेल्यांची पिशवी सापडली. एकेचाळीस निघाली. प्रत्येकात चांगली लिथियमची बॅटरी. कचऱ्यात टाकली तर आग लागू शकते म्हणून साठवत गेले होते. ती पिशवी हातात जड लागली आणि मला रडू आलं.

१ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबल विकायला बंदी आली. आता चार्ज करायचं आणि पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी डबी, बदलायचं वेप वापरते. खर्च निम्म्यावर आला. पण पॉड गळतं, युनिफॉर्मच्या खिशाला चिकट डाग पडतात, आणि तोंड सतत कोरडं. पाण्याची बाटली बरोबर नसेल तर जीभ टाळ्याला चिकटते.

धागाकर्ता

ताई, लिहिल्याबद्दल आभार. गळण्याचं एक कारण मला सापडलं ते सांगतो : फार जोरात ओढलं की लिक्विड कॉइलमध्ये तुंबतं. लांब आणि हलका झुरका घ्या. पॉडच्या तळाची धातूची टोकं रोज कागदाने पुसा. विमानात जाताना पॉड रिकामं करा. वर हवेचा दाब कमी झाला की पॉडमधली हवा फुगते आणि लिक्विड बाहेर ढकलते. भारतात मात्र नेऊच नका, तिथे वेपवर बंदी आहे.

पुणे

माझी गोष्ट भारतातल्या बंदीच्या आधी सुरू होते. २०१८ मध्ये एका दुकानातून रीतसर बिल घेऊन वेप घेतलं होतं. कॉइल मिळायच्या, बाटलीवर निकोटिन किती ते छापलेलं असायचं. १८ वरून ६ मिलिग्रॅमपर्यंत खाली आलो होतो आणि सिगरेट पूर्ण बंद होती. मग सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्या जवळच्या कॉइल दोन महिन्यांत संपल्या. तिसऱ्या महिन्यात मी कोपऱ्यावरच्या टपरीवर उभा होतो, हातात सिगरेट. तीच सिगरेट, तीच टपरी. ती काही बंद झाली नव्हती.

ह्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. लहान मुलांच्या हातात ही वस्तू जाऊ नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण जो माणूस सोडायच्या वाटेवर होता त्याचा विचार कुणी केला नाही.

पुढे मित्राने चोरून मिळणारं एक डिस्पोजेबल आणून दिलं. डबीवर चिनी अक्षरं, निकोटिन किती त्याचा पत्ता नाही. पाच-सहा झुरक्यांत डोकं गरगरलं, छातीत धडधड, हाताला दरदरून घाम. बायकोने मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि रात्रभर जागी बसली. त्या दिवसानंतर हात लावला नाही. आता निकोटिनचा गम चघळतो, २ मिलिग्रॅमचा. चव कडू, हिरड्या चुणचुणतात. तलफ ऐंशी टक्के भागते, बाकीची सोसतो.

नाशिक

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. पुण्याच्या मित्रांनी लिहिलेली लक्षणं निकोटिन जास्त झाल्याचीच वाटतात. चोरट्या मालात नेमकं काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपिंगने फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची साथ आली होती : फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. मुख्य दोषी निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, तेही बहुतेक करून गांजाचा अर्क असलेल्या, इकडूनतिकडून मिळवलेल्या कार्ट्रिजांमध्ये.

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्यांची. ऑफिसात वेप, संध्याकाळी मित्रांबरोबर सिगरेट. ‘कमी केली डॉक्टर, पंधराची तीन केली’ असं अभिमानाने सांगतात. पण हृदयाला हा हिशोब लागू होत नाही. दिवसाला एक सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. पूर्ण सोडा. भारतात असाल तर १८००११२३५६ ही तंबाखू सोडवणारी मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, माझे काही रुग्ण तिच्या आधाराने टिकले आहेत.

न्यू जर्सी

मी स्वतः ओढत नाही. २०१९ मध्ये मुलगा अकरावीत होता. जीन्स धुवायला टाकताना खिशातून पेन ड्राइव्हसारखं काही पडलं, शाळेचं असेल म्हणून मी ते त्याच्या टेबलावर नीट ठेवूनही दिलं. रात्री त्यानेच येऊन सांगितलं की ते वेप आहे. आठवीपासून ओळखीचे मित्र, बाथरूममध्ये सगळेच करतात, आंब्याचा स्वाद. त्यात निकोटिन आहे हेच त्याला सुरुवातीला माहीत नव्हतं. मिलीला ५९ मिलिग्रॅम! इंग्लंडच्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. बेन्झोइक ॲसिड मिसळून निकोटिनचं सॉल्ट करतात, त्यामुळे घशाला बोचत नाही आणि मुलाला कळतच नाही की आपण किती घेतो आहोत. त्या वर्षी अमेरिकेतल्या हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं वेप ओढत होती.

सोडताना त्याचे हाल मी पाहिले. अभ्यासाला बसला की दहा मिनिटांत उठायचा. नखं कुरतडून रक्त काढायचा. एकदा वरणभाताचं ताट भिंतीवर फेकलं आणि मग स्वतःच खाली बसून शितं वेचत होता. सात महिने लागले. ज्यांना ही वस्तू वरदान वाटते त्यांचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण माझ्या घरात ती सिगरेट सोडवायला आली नव्हती.

सिंगापूर

थोडक्यात : इथे येणार असाल तर वेप घरीच ठेवून या. १ फेब्रुवारी २०१८ पासून जवळ बाळगणंही गुन्हा आहे आणि सप्टेंबर २०२५ पासून शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. दुबईहून बदली होऊन आलो तेव्हा विमानात बसायच्या आधी माझं वेप कचरापेटीत टाकलं. नाइलाजाने सुटलं. पहिले दहा दिवस वाईट गेले.

मिल्टन कीन्स

वडिलांबद्दल लिहितो. लालबागला गिरणीत होते, आता त्र्याहत्तर वर्षांचे. विडी पन्नास वर्षांची. २०२३ मध्ये आमच्याकडे सहा महिने आले तेव्हा मी हौसेने त्यांना किट आणून दिलं. चुकलं ते असं : बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं असतं, लहान मुलांनी उघडू नये म्हणून. नानांच्या बोटांत आता तेवढा जोर नाही. टाकीचं भोक त्यांना चष्म्यातून दिसत नव्हतं. मी कामावर गेलो की रिकामी टाकी घेऊन बसून राहायचे आणि मी आल्यावर मुकाट्याने पुढे करायचे. हे मला महिनाभर लक्षातच आलं नाही.

मग सकाळी निघताना मी स्वतः दोन पॉड भरून ठेवायला लागलो. खोकला खरंच कमी झाला, जिना न थांबता चढायला लागले. पण समाधान नव्हतं. एकदा विचारलं तर म्हणाले, “ह्याला इस्तू नाय रे.” विडी वळवून दाताखाली धरायची, काडीचा उजेड ओंजळीत घ्यायचा, बाजूच्यालाही पेटवून द्यायची. मला त्यांनी गिरणीच्या फाटकाबाहेरचं सगळं सांगितलं, पाळी सुटल्यावर कोण कुणाची विडी पेटवायचा ते. बापाशी इतकं बोलणं माझं आधी कधी झालं नव्हतं.

परत जाताना वेप बरोबर नेता आलं नाही. आठवड्याभरात विडी सुरू झाली. फोनवर खोकला ऐकू येतो.

बर्मिंगहॅम

धागाकर्त्याने थोटूक नसल्याचं लिहिलं आहे, ते वाचून राहवलं नाही. मी मागच्या वर्षी वेपही सोडलं. निकोटिन २० वरून १२, ६, ३ असं वर्षभरात उतरवलं, पण त्याने एकट्याने काम झालं नाही. ताकद कमी केली की मी जास्त वेळा ओढायचो. उपयोग झाला तो जागा ठरवण्याचा. वेप घरात आणायचंच नाही, मागच्या शेडमध्ये खिळ्याला टांगायचं. ओढायचं तर कोट घालून, चपला चढवून, पावसात तिथे जायचं. आत आलं की कडी लावायची. जानेवारीत दिवसाला आठ फेऱ्या व्हायच्या, मार्चात तीन. एप्रिलमध्ये एकदा चार दिवसांनी आठवण झाली तेव्हा खिळ्यावर कोळ्याचं जाळं होतं.

लेस्टर

दादा, हे करून बघते. रात्रपाळीला शेड नाही, पण लॉकर आहे, दोन मजले खाली.

धागाकर्ता

आमच्याकडे शेड नाही. आज संध्याकाळी गाडीच्या डिकीत ठेवलं, स्टेपनीखाली. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावतो. हे लिहीपर्यंत दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा दारापर्यंत गेलो आणि बूट घालायचा कंटाळा आला म्हणून परतलो. आणखी कुणी अशी जागा ठरवून पाहिली असेल तर जरूर लिहा, विशेषतः फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी.